टेस्टोस्टेरॉन कमी आले? इंजेक्शनआधी कारण शोधा

आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्य तपासणीला बसतो तेव्हा बाया मोकळेपणाने बोलतात. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, सगळे सांगतात. पुरुष बीपी मोजून घेतात, शुगरसाठी बोट पुढे करतात आणि निघतात. टेबल आवरायला घेतले की त्यांतला एखादा परत येतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "सिस्टर, ताकदीची काही गोळी आहे का?"

"ताकद" या एका शब्दात बरेच काही दडलेले असते. कुणाला सकाळी उठल्यापासून थकवा असतो. कुणाची बायकोजवळ जाण्याची इच्छाच गेलेली असते. कुणाच्या लग्नाला सहा वर्षे झाली तरी घरात पाळणा हललेला नसतो आणि दोष मात्र बायकोच्या माथी मारलेला असतो. असे पुरुष भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीतला पत्ता गाठतात, नाहीतर रस्त्याकडेच्या जडीबुटीवाल्याच्या तंबूत जातात. आता त्यात एक नवी वाट आली आहे. मोबाईलवरची जाहिरात पाहून टेस्टोस्टेरॉनची रक्त तपासणी करायची आणि आकडा कमी आला की इंजेक्शन सुरू करायचे.

तपासणी करण्यात काही चूक नाही. पण त्या एका आकड्यावर थांबू नये. ताप आला की आपण विचारतो, मलेरिया आहे की टायफॉईड की टीबी? नुसती तापाची गोळी खाऊन टीबी बरा होत नाही. कमी टेस्टोस्टेरॉनचेही तसेच आहे. आकडा कमी का आला, हे रक्ताच्याच पुढच्या तपासण्यांतून बहुतेक वेळा कळू शकते. या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

टेस्टोस्टेरॉन म्हणजे काय?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या अंडकोषातल्या गोट्यांमध्ये तयार होणारे हार्मोन आहे. थोडेसे ते बाईच्या शरीरातही असते. वयात येताना आवाज फुटणे, दाढी-मिशा येणे, अंग भरणे ही कामे ते करते. पुढे आयुष्यभर लैंगिक इच्छा, स्नायूंची ताकद, हाडांचा भक्कमपणा आणि रक्तातल्या तांबड्या पेशी यांच्यासाठी ते लागते. वीर्यातले शुक्रजंतू तयार व्हायलाही ते लागते.

ते कमी झाले की इच्छा कमी होते, सकाळी उठताना येणारी ताठरता बंद होते, दाढी विरळ होते, छाती बायकांसारखी वाढू लागते, हाड लवकर मोडते. काहींचे हिमोग्लोबिन थोडे कमी राहते आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढत नाही. मात्र थकवा, चिडचिड, झोप न लागणे ही लक्षणे कर्ज, बेकारी, शुगर, रक्तक्षय, उदासी अशा कितीतरी कारणांनी येतात. म्हणून नुसत्या थकव्यावरून "हार्मोन कमी झाले" असे ठरवू नये. त्याचप्रमाणे ताठरता न येण्यामागे पुष्कळदा शुगर, बीपी किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असतो आणि टेस्टोस्टेरॉन अगदी ठीक असते.

रक्त कधी द्यायचे?

इथेच निम्मा घोटाळा होतो. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखे नसते. ते पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असते आणि दुपारनंतर उतरत जाते. जेवणानंतरही ते काही वेळ कमी होते. त्यामुळे कामावरून सुटून संध्याकाळी लॅबमध्ये रक्त दिले तर चांगल्या माणसाचाही आकडा कमी येऊ शकतो.

रक्त सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावे. रात्रपाळी करणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण त्यांच्या शरीराची सकाळ वेगळ्या वेळी होते. ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन, अपघात अशा काळात ही तपासणी करू नये. आजारपणात हे हार्मोन आपोआप खाली जाते आणि बरे वाटल्यावर बहुधा वर येते. पहिला आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा सकाळी तपासावे. दोन्ही वेळा कमी आला तरच तो खरा मानावा.

रिपोर्टमध्ये 'टोटल टेस्टोस्टेरॉन' असे लिहिलेले असते. मोठ्या पुरुषात ते साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. लॅबप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 300 ही खालची रेषा मानली आहे, पण लक्षणे नसताना फक्त आकड्यावरून उपचार करू नयेत असेही त्यांचे म्हणणे आहे.

एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. इतके सूक्ष्म हार्मोन रक्तात मोजता येते, याचे मोठे श्रेय न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो या शास्त्रज्ञ बाईला जाते. ज्यू स्थलांतरितांच्या वंशातली, साध्या घरातली ही मुलगी. बाई म्हणून भौतिकशास्त्रात वाट मिळणे तिला अवघड गेले. तिने आणि सॉलोमन बर्सन यांनी 1950 च्या दशकात हार्मोन मोजण्याची पद्धत शोधली आणि तिचे पेटंट घेतले नाही. 1977 मध्ये यॅलो यांना नोबेल मिळाले. आज गल्लीतली लॅबसुद्धा हार्मोनचे रिपोर्ट देते, त्याची सुरुवात तिथून झाली.

मुकादम आणि मजूर

आता मुख्य गोष्ट. अंडकोष स्वतःच्या मनाने काम करत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच असे दोन संदेश रक्तातून पाठवते. एलएचने टेस्टोस्टेरॉन तयार होते, एफएसएचने शुक्रजंतू तयार व्हायला मदत होते.

पिट्युटरीला मुकादम समजा आणि अंडकोषाला मजूर. काम कमी झाले तर दोन शक्यता असतात. मजूर आजारी असेल तर मुकादम ओरडून ओरडून घसा कोरडा करतो, तरी काम होत नाही. किंवा मजूर धडधाकट असतो, पण मुकादमच झोपलेला असतो, हुकूमच येत नाही.

म्हणून टेस्टोस्टेरॉन दोनदा कमी आले की पुढची तपासणी एलएच आणि एफएसएचची. हे दोन्ही वाढलेले असतील तर बिघाड अंडकोषात आहे. हे कमी असतील, किंवा टेस्टोस्टेरॉन इतके खाली असूनही 'नॉर्मल'च असतील, तर बिघाड वर मेंदूकडे आहे, किंवा दुसऱ्या एखाद्या आजाराने वा औषधाने संदेश दाबला आहे. रिपोर्टवर 'नॉर्मल' छापले म्हणजे सगळे ठीक, असे इथे नसते. काम ठप्प असताना मुकादम रोजच्याच आवाजात बोलत असेल, तर त्याचेच काहीतरी चुकले आहे.

एलएच, एफएसएच वाढलेले असतील तर

अंडकोषाला इजा कशाने होते? लहानपणी गोटी खाली न उतरणे, मार लागणे, पीळ पडणे, कॅन्सरवरची केमो किंवा किरणोपचार. वयात आल्यावर गालगुंड झाले आणि त्यात अंडकोष सुजला, तरीही पुढे तो सुकू शकतो.

कुष्ठरोगाचाही यात हात असतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग आवडतात आणि अंडकोष शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असतो. जास्त जंतू असलेल्या प्रकारात अंडकोष आतून खराब होतो. विदर्भात आजही कुष्ठरोगाचे रुग्ण सापडतात. कुष्ठरोगाचे औषध पूर्ण घेतलेल्या पुरुषाने छाती वाढणे किंवा मूल न होणे अशी तक्रार केली, तर हार्मोन जरूर तपासावे.

दुसरे कारण जन्मतःच असते. पुरुषात साधारणपणे एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असते. काही मुलांमध्ये एक एक्स जास्त असते. याला क्लाइनफेल्टर म्हणतात. अशा पुरुषांचे अंडकोष लहान आणि कडक असतात, उंची बहुधा जास्त असते. अनेकांना हे कळते ते लग्नानंतर मूल होत नाही तेव्हाच. कॅरिओटाइप या रक्त तपासणीत ते समजते. यात त्याचा किंवा आईबापाचा काहीही दोष नसतो.

एलएच, एफएसएच कमी किंवा 'नॉर्मल' असतील तर

इथे आणखी काही तपासण्या लागतात आणि प्रत्येक तपासणी एका कारणाचे दार उघडते.

प्रोलॅक्टिन: हे दूध तयार करणारे हार्मोन पुरुषातही थोडे असते. ते वाढले की एलएच दबते. ते फारच जास्त असेल तर पिट्युटरीत छोटी गाठ असू शकते. मग मेंदूचा एमआरआय करतात. ही गाठ बहुतेकदा कॅन्सरची नसते आणि पुष्कळांना ऑपरेशन न करता गोळ्यांनी बरे वाटते. डोके सतत दुखत असेल आणि दोन्ही बाजूंचे दिसणे कमी झाले असेल, तर मात्र थांबू नये. गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबत असू शकते. अशा माणसाने कारण न शोधता इंजेक्शने घेत राहिल्यास थोडी ताकद वाटेल, पण गाठ आत वाढत राहील.

थायरॉईड: टीएसएच ही तपासणी सोपी आहे. थायरॉईड मंद असेल तर थकवा येतो आणि प्रोलॅक्टिनही वाढू शकते. थायरॉईडची गोळी सुरू झाली की दोन्ही सुधारू शकतात.

सकाळचे कॉर्टिसॉल: पिट्युटरी पूर्ण बिघडली असेल तर हे जीवनावश्यक हार्मोनही कमी होते. डोक्याला जबर मार लागल्यानंतर, आणि घोणस चावून वाचलेल्या काही रुग्णांतही, पिट्युटरी निकामी झाल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे. अपघात किंवा सर्पदंश जुना असला तरी तो डॉक्टरांना सांगावा.

लोह: फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्यांनी शरीरात साठलेले लोह कळते. जास्त लोह पिट्युटरीत साचून तिला खराब करते. हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांमध्ये सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्या सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात प्रत्येक पिशवीबरोबर लोह जाते. शिवाय सिकलसेलमध्ये बारीक रक्तवाहिन्या तुंबून अंडकोषालाही इजा होऊ शकते. म्हणजे मुकादम आणि मजूर दोघेही आजारी पडू शकतात. घरातला सिकलसेलचा मुलगा सोळा वर्षांचा होऊनही वयात आलेला दिसत नसेल, तर "आजारामुळे अंगाने बारीक आहे" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

सर्वांत जास्त आढळणारी कारणे

गाठी आणि गुणसूत्रे तुलनेने कमी लोकांत आढळतात. वस्तीत जास्त दिसतात ती कारणे साधी आहेत.

पहिले म्हणजे वाढलेले पोट आणि शुगर. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर स्त्री-हार्मोनमध्ये करते. टाइप 2 मधुमेह असलेल्या पुष्कळ पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन कमी असते. म्हणून एचबीए1सी ही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करावीच. कधीकधी 'ताकद' विचारायला आलेल्या माणसाची शुगर अशी पहिल्यांदा सापडते. वजन उतरले आणि शुगर ताब्यात आली की अनेकांचा आकडा औषधाशिवाय वर येतो.

इथे एसएचबीजी नावाचे एक प्रथिन लक्षात ठेवा. टेस्टोस्टेरॉन रक्तात त्याला धरून फिरते. जाड माणसात आणि मधुमेहात हे प्रथिन कमी होते, त्यामुळे टोटल आकडा कमी दिसतो, पण मोकळे टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते. म्हातारपणी, यकृताच्या आजारात किंवा एचआयव्हीमध्ये उलटे होते. प्रथिन वाढते, टोटल ठीक दिसते आणि मोकळे कमी असते. आकडा सीमेवर असेल तेव्हा डॉक्टर एसएचबीजी तपासून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब करतात.

दुसरे कारण दारू. ती अंडकोष, यकृत आणि मेंदूचा संदेश तिन्ही बिघडवते. यकृत आणि किडनीच्या तपासण्या म्हणूनच सोबत करतात.

तिसरे कारण झोप. जोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकून उठणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस तपासायला हवा. हे सहसा घरची बाई सांगू शकते, त्याला स्वतःला कळत नाही.

चौथे कारण औषधे. ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या, बरेच दिवस घेतलेले प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉईड, मानसिक आजारावरची रिस्पेरिडोनसारखी काही औषधे. ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन मिसळलेले असते. तेही प्रोलॅक्टिन वाढवते आणि कित्येक जण ती कॅप्सूल वर्षानुवर्षे रोज घेतात. यातले कोणतेही औषध, विशेषतः स्टेरॉईड आणि मानसिक आजाराची गोळी, मनाने बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

पाचवे कारण तरुण पोरांसाठी. जिममध्ये 'बॉडी बनवायला' घेतलेली इंजेक्शने. बाहेरून हार्मोन आले की मुकादम म्हणतो, काम होतेच आहे, आणि झोपी जातो. इंजेक्शन थांबवल्यावर त्याला जागे व्हायला अनेक महिने लागू शकतात.

मूल हवे असेल तर

ही गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाने मूल होण्याची शक्यता वाढत नाही, कमी होते. बाहेरच्या हार्मोनमुळे एलएच आणि एफएसएच दबतात आणि शुक्रजंतू तयार होणे जवळजवळ बंद पडू शकते. ज्याला बाप व्हायचे आहे त्याने हे इंजेक्शन घेऊ नये. बिघाड पिट्युटरीच्या संदेशात असेल तर वेगळ्या प्रकारची इंजेक्शने देऊन शुक्रजंतू तयार करता येऊ शकतात. पण त्यासाठी बिघाड कुठे आहे हे आधी कळायला हवे. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांनीही मूल हवे असल्यास डॉक्टरांशी आधी बोलावे, कारण त्याने शुक्रजंतू कमी होऊ शकतात.

मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बाईच्या कारणासोबत. तरीही आधी बाईच्याच सोनोग्राफ्या, तिच्याच पोटावर ऑपरेशने होतात. वीर्य तपासणी स्वस्त आणि वेदनारहित आहे. ती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. सासूबाईंनी सुनेला दोष देण्याआधी मुलाला लॅबमध्ये पाठवावे.

उपचार लागलेच तर

कारण सापडल्यावर काहींना टेस्टोस्टेरॉन खरोखर लागते आणि त्यांचे जगणे त्याने सुधारते. ते सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट तपासतात, कारण या औषधाने रक्त घट्ट होऊ शकते. चाळिशी-पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए तपासतात. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्याला, किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झालेल्याला हे औषध सहसा देत नाहीत. सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे लागते. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेले इंजेक्शन म्हणूनच धोक्याचे.

कुठून सुरुवात करायची?

महागडे 'फुल बॉडी' पॅकेज एकदम घेऊ नका. पायरीपायरीने जा, पैसे वाचतील.

पहिली पायरी: डॉक्टरांकडून अंगाची तपासणी, त्यात अंडकोषाचीही. सोबत बीपी, वजन, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड.

दुसरी पायरी: सकाळी उपाशीपोटी टोटल टेस्टोस्टेरॉन. कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसरी पायरी: दोन्ही वेळा कमी आले तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, आणि गरजेप्रमाणे एसएचबीजी.

चौथी पायरी: मिळालेल्या दिशेप्रमाणे लोह, कॉर्टिसॉल, कॅरिओटाइप किंवा एमआरआय. यातले काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. प्रत्येकाला सगळे लागत नाही.

पहिल्या पायरीच्या साध्या तपासण्या जवळच्या सरकारी दवाखान्यापासून सुरू करता येतात. हार्मोनच्या तपासण्या सगळीकडे होत नाहीत. त्यासाठी सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मेडिसिन विभागात दाखवा आणि हार्मोनतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात ते विचारून घ्या. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: बिघाड अंडकोषात आहे की वर? कारण कोणते? मला मूल हवे आहे, हे औषध चालेल का? लाज वाटत असेल तर कागदावर लिहून न्या.

पुढच्या शिबिराला येताना सगळे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा. शक्य असेल तर दोघे नवरा-बायको मिळून या. आम्ही पडद्याआड बसून बोलू, कुणाची गोष्ट बाहेर जाणार नाही.